जुनं पिलर ड्रिल पुन्हा उभं करताना: आधी व्हर्नियर, मग बाजार

भंगारवाल्याच्या वजनकाट्याशेजारी जुनं पिलर ड्रिल, म्हणजे खांबावर बसवलेलं भोक पाडायचं मशीन, उभं दिसलं की पाय आपोआप तिकडे वळतात. मग दुसऱ्याच मिनिटाला प्रश्न पडतो, याचे पार्ट मिळतील का? कारखाना कधीच बंद पडलेला, पाटी उखडलेली, कॅटलॉगचा पत्ता नाही. खरं सांगायचं तर 'या मशीनचा पार्ट' म्हणून कुठल्याच दुकानात काही मिळत नाही. दुकानात मिळतं ६२०३ नंबरचं बेअरिंग, ए ४२ चा पट्टा, एमटी २ चा (दोन नंबरच्या मोर्स टेपरचा, म्हणजे निमुळत्या टोकाचा) चक बसवायचा दांडा, आर्बर. म्हणजे मशीनमधल्या हरवलेल्या किंवा झिजलेल्या भागाचं बाजारातलं नाव आपल्याला शोधून काढावं लागतं, आणि ते व्हर्नियरशिवाय, म्हणजे बारीक मापं घ्यायच्या पट्टीशिवाय, सापडत नाही. जे उरतं ते लेथवाला करून देतो.

इथे मी पट्ट्यावर चालणाऱ्या, चार सुती म्हणजे अर्धा इंच चक (ड्रिल पकडणारी मूठ) घेणाऱ्या बेंच आणि पिलर ड्रिलबद्दल लिहितोय. गिअर हेड आणि रेडियल ड्रिल ही वेगळी दुखणी आहेत.

विकत घेण्याआधी

खिशात छोटा टॉर्च, व्हर्नियर, खडूचा तुकडा आणि बाटलीभर रॉकेल असू द्या. दुकानदार हसेल, हसू द्या.

मशीन कायमचं मारणारी दुखणी थोडी आहेत. पहिलं, क्विल आणि हेड यांच्यातली झीज. हेड म्हणजे पिलरवर आवळलेला वरचा ओतीव भाग. क्विल म्हणजे हँडल फिरवल्यावर वर-खाली होणारी नळी, जिच्या पोटात स्पिंडल, म्हणजे चक फिरवणारा दांडा, फिरतो. ती पूर्ण खाली आणा, लॉक सोडा आणि खालचं टोक हाताने चारही बाजूंना ढकला. टकटक जाणवली तर ती क्विलची आहे की स्पिंडलच्या बेअरिंगची, हे वेगळं करा. क्विलवर एक बोट आणि हेडवर दुसरं बोट ठेवलं की हलणारं कोण ते कळतं. बेअरिंगची टकटक किरकोळ खर्चाची, क्विलची मात्र महाग.

दुसरं, वाकलेला स्पिंडल. चक काढलेला असेल तर उत्तम. एक तार टेबलावर टेकवून तिचं टोक स्पिंडलच्या टोकाजवळ आणा आणि वरची पुली हाताने फिरवा. तार आणि स्पिंडल यांच्यातली फट कमी-जास्त होत असेल तर काहीतरी वाकलंय.

तिसरं, बीडाला म्हणजे ओतीव लोखंडाला गेलेली तड. हेड पिलरला आवळणारे कान, टेबलाच्या मागचा फाटलेला क्लॅम्प आणि मोटार बसवायची पट्टी या तीन जागी हमखास तड असते, कारण कुणीतरी कधीतरी बोल्ट पाइप लावून आवळलेला असतो. संशयाच्या जागी रॉकेल लावा, दोन मिनिटांनी कोरडं पुसा आणि वर खडू घासा. तड असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर रेघ उमटवतं. टेबलाच्या क्लॅम्पची तड पितळेची झाळ मारून धकते. हेडच्या बोअरपर्यंत, म्हणजे क्विल सरकते त्या भोकापर्यंत, गेलेली तड असेल तर मशीन तिथेच सोडा.

बाकी काही नसलं तरी बिघडत नाही. मोटार नाही, पट्ट्याचं झाकण नाही, हँडलच्या मुठी नाहीत, टेबलाची चाळण झालीय, सगळीकडे गंज आहे, या गोष्टी भाव पाडायला वापरा.

आटे बोलतात

पाटी नसेल तर मशीन कुठलं आणि कुठल्या काळातलं ते बोल्ट सांगतात. ब्रिटिश आणि त्यांच्या नमुन्यावर इथे बनलेल्या जुन्या मशीनवर व्हिटवर्थचे आटे असतात, अमेरिकन मशीनवर यूएनसी (जाड आटे) किंवा यूएनएफ (बारीक आटे). आपल्याकडे १९५६च्या कायद्यानंतर मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने आली, पण वर्कशॉपमध्ये सूत आणि इंच पुढेही बरीच वर्षं टिकले. त्यामुळे एकाच मशीनवर अर्धे बोल्ट इंची आणि अर्धे एमएममधले, असंही दिसतं. मधल्या कुठल्यातरी फिटरची ती कृपा.

आट्यांचं गेज लावून बघा. अर्ध्या इंचाला व्हिटवर्थमध्ये इंचात १२ आटे असतात, यूएनसीमध्ये १३. हा फरक लगेच पकडता येतो. पाव इंचाला मात्र दोन्हीकडे २० आटे, फक्त आट्याचा कोन व्हिटवर्थचा ५५ अंश आणि अमेरिकन ६० अंश. बोल्ट जातो, आवळतो आणि काही दिवसांनी बीडातले आटे खाऊन टाकतो. बोल्ट हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर पाना लावू नका.

सोडवणं

पहिला स्क्रू हलवायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. मी प्रत्येक भाग सुटल्यावर त्याचे बोल्ट त्याच भोकात दोन आटे परत लावून ठेवतो. डब्यात टाकलेले बोल्ट महिन्याने ओळखू येत नाहीत.

अडकलेल्या बोल्टवर आदल्या रात्री एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) आणि थिनर निम्मं-निम्मं मिसळून सोडा. बाजारातल्या स्प्रेपेक्षा मला ते जास्त मानवतं. डबा आगीपासून लांब ठेवा.

आता स्प्रिंग. हेडच्या बाजूला जी गोल डबी असते तिच्यात क्विल वर ओढणारी, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली पट्टी असते. हातमोजे आणि चष्मा घालून डबी पकडीत घट्ट धरा, पुढचे दोन्ही नट जेमतेम ढिले करा, डबी खाचेतून थोडीच बाहेर ओढा आणि पाव-पाव वेढ्याने सोडत जा. किती वेढे सुटले ते हेडवर खडूने लिहा, जोडताना तेवढेच भरायचे आहेत. पट्टीचं टोक तुटलेलं असेल तर नवी शोधत बसू नका. शेवटचा अर्धा इंच गॅसच्या ज्योतीवर लाल करा, हवेत हळूहळू गार होऊ द्या आणि पकडीने नवा आकडा वळवा. पूर्ण पट्टीच गेली असेल तर रुंदी, जाडी आणि डबीचा आतला व्यास लिहून स्प्रिंगवाल्याकडे जा.

चक काढण्याचा प्रकार स्पिंडल बघून ठरतो. क्विलला आणि स्पिंडलला आरपार लांबट खाच दिसत असेल तर आत मोर्स टेपर आहे. खाचेत पाचर म्हणजे ड्रिफ्ट घालून हलका ठोका द्या, चक आर्बरसकट खाली पडेल. खाली लाकूड ठेवायला विसरू नका. खाच नसेल आणि चकच्या डोक्यावर स्पिंडलचा खांदा दिसत असेल तर स्पिंडलचं टोकच निमुळतं आहे. त्या फटीत दोन बाजूंनी दोन चिमट्यांसारख्या पाचरी घालून आवळायच्या. चकच्या वर फिरणारी रिंग असेल तर आधी ती फिरवून बघा, काही मशीनमध्ये तीच चक ढकलून काढते. बेअरिंगवर धक्के देत चक ठोकून काढणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि बेअरिंगवाल्यांचा धंदा त्यावरच चालतो.

पुली ॲल्युमिनियमची असेल तर हातोडा नको, पुलर लावा. त्याआधी खाचेत दुसरा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) दडलाय का ते पाहा. एकावर एक दोन स्क्रू घालण्याची जुनी पद्धत आहे, आणि वरचा काढून पुलीशी झटापट करणं मी स्वतः केलंय. परिणामी पुलीचा एक कान गेला.

मोजायचं काय आणि कसं

सगळा लेख इथे आहे असं समजा. एक वही घ्या, दर भागाला एक पान द्या.

बेअरिंग: नंबर पुसला गेला असेल तर आतलं भोक, बाहेरचा व्यास आणि रुंदी मोजा. १५ × ३५ × ११ आलं तर ६२०२, १७ × ४० × १२ म्हणजे ६२०३, २० × ४७ × १४ म्हणजे ६२०४. ०४ पासून पुढे शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की भोक मिळतं. भोक १५.८८ किंवा १९.०५ असं विचित्र आलं तर बेअरिंग इंची आहे, अनुक्रमे पाच सूत आणि सहा सूत. तीही मिळतात, फक्त महाग पडतात आणि मागवावी लागतात. जवळचं एमएम बेअरिंग बसवण्यासाठी हेडचं बोअर मोठं करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. बदल करायचाच तर बुश घालून करा, म्हणजे उद्या परत फिरता येतं. स्पिंडलला सी३ लिहिलेलं बेअरिंग घेऊ नका, त्यात मुळातच खेळ जास्त असतो. ते मोटारीला ठीक.

टेपर: इथे मी तोंडघशी पडलोय, म्हणून थोडं थांबतो. मोर्स टेपर १८६० च्या दशकापासून चालत आलेला आहे. मोठ्या टोकाचा व्यास एमटी १ चा १२.०६५ मिमी, एमटी २ चा १७.७८० आणि एमटी ३ चा २३.८२५. हा भाग सोपा आहे. घोळ चकच्या भोकात आहे. भारतात आणि युरोपात मिळणाऱ्या बऱ्याच चकना बी १६ किंवा बी १८ असतो, जुन्या अमेरिकन आणि ब्रिटिश चकना जेकब्ज टेपर, म्हणजे जेटी ३३ किंवा जेटी ६. बी १६ चं मोठं टोक १५.७३३ मिमी, जेटी ३३ चं १५.८५०. व्हर्नियरने घाईत मोजलं तर दोन्ही सारखेच वाटतात. पण बी १६ ची निमुळती चाल साधारण विसाला एक आहे आणि जेटी ३३ ची पावणेसोळाला एक. मी जेटी ३३ च्या स्पिंडलवर बी १६ चा चक ठोकला. बसला, फिरला, आणि दुसऱ्या भोकाला ड्रिल अडकताच चक टेबलावर नाचला. तेव्हापासून नियम केलाय: टेपरवर मार्किंग ब्लूचा पातळ हात, चक हलक्या हाताने दाबून पाव वेढा फिरवायचा आणि काढून बघायचा. निळा रंग पूर्ण लांबीत पुसला गेला तर जोडी जमली. फक्त एका कडेला रेघ उठली तर दुकानात परत.

पट्टा: पुलीच्या खाचेची वरची रुंदी १३ मिमीच्या आसपास असेल तर ए सेक्शन, १० ची असेल तर झेड, १७ ची असेल तर बी. लांबीसाठी दोन्ही पुल्यांभोवती दोरी गुंडाळा, मोटार सरकायच्या पट्टीच्या मध्यावर ठेवून. ए ४२ म्हणजे आतली लांबी ४२ इंच. एक नंबर वर आणि एक खाली असे तीन पट्टे आणा, दोन परत करता येतात का ते आधी विचारा.

क्विलचा पिनियन (क्विल वर-खाली करणारा छोटा गिअर): दाते तुटलेले असतील तर नवा बनवावा लागतो, आणि इथे मोड्युल की डीपी (दात्याचं माप एमएममधलं की इंचातलं) हे कळल्याशिवाय गिअर कापणाऱ्याकडे जाण्यात अर्थ नाही. बाहेरचा व्यास भागिले दात अधिक दोन. १४ दात आणि व्यास २४ मिमी असेल तर २४ ÷ १६ म्हणजे १.५, मोड्युल दीड. व्यास २५.४ आला तर भागाकार १.५८७५, असा मोड्युल नसतो. हा १६ डीपी, इंची गिअर. खात्री करायला क्विलवरच्या रॅकचे, म्हणजे सरळ रांगेतल्या दात्यांचे, दहा दाते मोजा: एका दात्याच्या कडेपासून दहा दाते पुढच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर. मोड्युल दीडला ४७.१ मिमी येतं, १६ डीपीला ४९.९. रॅक खोटं बोलत नाही. पिनियन छोटा असल्याने त्याचा व्यास कधी कधी मुद्दाम वाढवलेला असतो, म्हणून शेवटचा शब्द रॅकचा.

पार्टसाठी कुठे फिरायचं

बेअरिंग, चक, ड्रिफ्ट, टॅप यांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार; तिथे जुने चक, चकच्या चाव्या, व्हाइस, कधी कधी अख्खं हेड पडलेलं असतं. हातात घेऊन जबडे उघड-मीट करा, तिन्ही जबडे एकाच वेळी टेकतात का बघा. जुना जड चक नुसता धुऊन ग्रीस केला तरी आजच्या स्वस्त चकपेक्षा बरा चालतो. चकमध्ये तीन जबडे आणि दोन तुकड्यांत दुभंगलेला आट्याचा नट असतो, वरची बाही प्रेसवर दाबून काढता येते. जबड्यांवर १, २, ३ असे आकडे असतील तर त्याच क्रमाने परत घाला.

बंद पडलेली वर्कशॉप आणि सरकारी संस्थांचे लिलाव ही दुसरी वाट. एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावांवर लक्ष ठेवा, पण तिथे लॉट मोठे असतात, चार-पाच जणांनी मिळून घेतले तर परवडतात. माझा अनुभव असा की एकाच नमुन्याची दोन मेलेली मशीन घेऊन एक जिवंत करणं हे सुटे पार्ट शोधण्यापेक्षा स्वस्त पडतं.

अमेरिकेत गॅरेजमध्ये ड्रिल ठेवणाऱ्या मराठी वाचकांची गोष्ट सोपी आहे. तिथे डेल्टा कंपनी १९४५ मध्ये रॉकवेलने घेतली, त्यामुळे पाटीवर नाव वेगळं असलं तरी बरेच भाग एकमेकांना चालतात, आणि जुनी पार्ट लिस्ट स्कॅन होऊन सहज मिळते. तसं मशीन भारतात आणणार असाल तर मोटार तिकडेच ठेवा. ११० व्होल्ट, ६० हर्ट्झची ती मोटार इथे उपयोगाची नाही.

न मिळणारे भाग: कोल्हापूरची वाट

स्टेप पुली फुटली असेल किंवा हेडचं झाकण नसेल तर ओतकाम करून घ्यावं लागतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात फाउंड्री, पॅटर्नवाला आणि लेथवाला हाकेच्या अंतरावर आहेत, म्हणून एका खेपेत काम होतं. पण जुनी पुली तशीच पॅटर्न म्हणून वाळूत दाबू नका. ॲल्युमिनियम गार होताना साधारण १.३ टक्के आकसतं, बीड साधारण १ टक्का. १५० मिमीची पुली सुमारे दोन मिमी लहान निघेल, आणि वर लेथवर काढायला माल लागेल तो वेगळा. म्हणून जुन्या पुलीवर गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) चढवून बाजूला तीन-चार मिमी वाढवा, खाचा बुजवून टाका आणि सरळ ठोकळा ओता. खाचा लेथवरच काढायच्या. पट्टा बसतो त्या खाचेचा कोन ३४ ते ३८ अंशांत असतो, छोट्या पुलीला कमी. भोक, चावीची खाच आणि पट्ट्याची खाच एकाच सेटिंगमध्ये काढून घ्या, नाहीतर पुली आऊट म्हणजे डुलत फिरेल आणि दोष मात्र बेअरिंगवर येईल.

क्विल ढिली असेल तर तिच्यावर हार्ड क्रोम चढवून हेडच्या बोअरला जुळेल अशी ग्राइंड करून घेता येते. त्याआधी बोअर होनिंगने, म्हणजे आतून दगडाने घासून, गोल करून घ्या. बोअर खालच्या तोंडाला भोंग्यासारखं पसरलेलं असतं, कारण सगळा दाब तिथे येतो. हा सगळ्यात महाग टप्पा आहे, आणि मशीन चांगल्या वंशाचं असेल तरच करावा.

गंज आणि रंग

पिलर, टेबल आणि क्विल सोडून बाकीच्या बीडाच्या गंजाला इलेक्ट्रोलिसिस उत्तम. प्लॅस्टिकच्या पिंपात पाणी, दर पाच लिटरला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. ऋण टोक मशीनच्या भागाला, धन टोक लोखंडी सळईला. सळई स्टेनलेसची कधीच नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन निघतो म्हणून काम उघड्यावर करा आणि बिडी लांब ठेवा. ॲल्युमिनियमचे भाग आणि बेअरिंग या पिंपात जाता कामा नयेत.

पिलरवर रॉकेल आणि बारीक स्टील वूल पुरे. चकाकी आणायला लेथवर पिलर घासून घेणारे लोक भेटतात, मग टेबल आयुष्यभर डुलत राहतं.

जुन्या रंगात शिसं असू शकतं, कोरडा घासू नका; पेंट रिमूव्हर किंवा वॉटर पेपर वापरा. नंतर रेड ऑक्साइड, लांबी, इनॅमल. घडीव काम असलेल्या जागा आणि पाटी मास्किंग टेपने झाका. रंगावर मी जास्त वेळ घालवत नाही.

जोडणी आणि मोटार

नवं बेअरिंग स्पिंडलवर चढवताना दाब फक्त आतल्या कड्यावर द्या, हेडमध्ये बसवताना बाहेरच्यावर. स्पिंडल रात्रभर फ्रीजरमध्ये आणि बेअरिंग ऐंशी-नव्वद अंशांच्या तेलात गरम केलं तर हाताने सरकतं. सील केलेल्या बेअरिंगला तेलात घालू नका, त्याला बल्बच्या उष्णतेवर ठेवा.

मोटार अर्धा एचपी, १४४० आरपीएम, सिंगल फेज. थ्री फेज मोटार आणि व्हीएफडी (मोटारीची गती बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावणार असाल तर गती बदलायला पट्टा हलवावा लागत नाही, हे सुख मोठं आहे. पण आपल्याकडच्या लहान थ्री फेज मोटारी ४१५ व्होल्टच्या, स्टारमध्ये आतूनच बांधलेल्या असतात. सिंगल फेजवर चालणाऱ्या ड्राइव्हला त्या डेल्टामध्ये लागतात (स्टार आणि डेल्टा या वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती). रिवाइंडिंगवाल्याकडून सहाही टोकं बाहेर काढून घ्या. साधं बटण न लावता नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर लावा, म्हणजे वीज जाऊन आल्यावर मशीन आपणहून सुरू होत नाही. अर्थिंग मोटारीला आणि मशीनच्या अंगाला, दोन्हीला द्या. वरून पाहिलं तर स्पिंडल घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरला पाहिजे.

डायल गेज लावून स्पिंडल किती डुलतो ते पाहा. चक काढून टेपरच्या आत दोन-तीन शतांश मिमीपर्यंत आऊट चालेल, चकमध्ये सरळ पिन धरून दहा शतांशपर्यंत. मग टेबल. चकमध्ये काटकोनात वाकवलेली तार धरा, टोक टेबलाला जेमतेम टेकवा, पट्टा हाताने फिरवत चारही बाजूंना फट बघा. डावी-उजवी चूक टेबलाच्या बोल्टने निघते. पुढे-मागे चूक असेल तर टेबल आणि क्लॅम्पच्या मध्ये शिम, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घाला. थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या डब्याचा पत्रा साधारण एक दशांश मिमी जाड असतो, त्याहून स्वस्त शिम नाही.

पहिलं भोक लोखंडात पाडा. हायस्पीड ड्रिलला माइल्ड स्टीलमध्ये आरपीएम साधारण ८००० भागिले ड्रिलचा मिमीतला व्यास. १० मिमीला ८००, ५ मिमीला १६००, १३ मिमीला सहाशेच्या आसपास. दोन्ही खाचांतून सारखी, लांब गुंडाळी येत असेल तर स्पिंडल सरळ आहे आणि ड्रिलला धारही नीट आहे. एकाच बाजूने चुरा येत असेल तर मशीनला दोष देण्याआधी ड्रिलची धार बघा. चालू मशीनवर हातमोजे नकोत, आणि जॉब व्हाइसमध्ये बोल्टने धरलेला हवा.

आठ-दहा तास चालल्यावर नवा पट्टा ढिला पडतो. तेव्हा मोटार थोडी मागे ओढून पुन्हा आवळा, पुलीचे ग्रब स्क्रू तपासा आणि क्विलवर दोन थेंब स्पिंडल ऑइल सोडा.